माईकचं अंतर

शाळा सातवीतच सुटली,
पण गळ्याचं माप मला कळतं, जी.
एकतीस वर्षं मंडया केल्या,
दोन भोंगे, एक मशीन,
आधी बैलबंडीवर, मग भाड्याच्या टेम्पोत,
नागभीडपासून पार जंगलाच्या कडेपर्यंत.
तोंडापासून माईक किती लांब ठेवायचा
हे ज्याच्या त्याच्या आवाजावर असतं.

बहुतेकांना चार बोटं पुरतात.
पुढारी माणूस तर माईक चाटायलाच येतो.

लहानू नान्हेला एक हात.
दिवसा धानाच्या पेंढ्या बांधायचा,
रात्री दंडारीत लुगडं नेसून उतरायचा,
घोटलेल्या दाढीची निळी कड पावडरखाली तशीच.
पहाटे तीनला त्यानं सूर लावला
की शेकोटीपाशी घोरणारे पोट्टे उठून बसायचे.
हातभर घट्टे पडलेल्या या माणसात
इतकं कोवळं राहते तरी कोठी?
मी त्याच्या बायकोला विचारलं.
ती म्हणाली, "घरी तं बोलतच नाही तो."

उरसात दुय्यम कव्वालीचा सामना.
समोर तरणी बाई, खणखणीत, टाळ्या तिच्याच.
आणि बशीर मियाँचा घसा असा,
की सागाच्या वाळल्या पानांवरून
कुणी रात्रीचं चालत यावं.
मला वाटलं, खरखर कमी करू,
बटणाला हात घातला,
तर गाता गाताच त्यानं एक बोट हलवलं:
नको.
तेव्हापासून बटणाला हात लावण्याआधी
मी गाणाऱ्याच्या बोटांकडे पाहतो.

वत्सला रामटेकेला माईक दिला की भोंगा किंचाळायचा.
दिवसभर तेंदूपत्त्याची पुडकी बांधून
जयंतीच्या रात्री ती चौकात उभी राहायची,
पदर खोचून, कडेवर पोर,
आणि पोर झोपलेलंच राहायचं!
तिला मी वायर संपेपर्यंत लांब ठेवलं.
तरी तिचा शब्द आधी यायचा,
माझा भोंगा मागून.

शाळेच्या पन्नाशीला नागपूरची एक गाणारी आणली होती.
तंबोरा लावण्यात अर्धा तास गेला,
लोक उठून चहाला.
मग तिनं एकच आकार धरला
आणि माझ्या मशीनचा काटा
जो कीर्तनातही नाचतो, वगातही नाचतो,
तो खांबासारखा उभा राहिला.
मी टिचकी मारून पाहिलं, बिघडला की काय.
सतरंजीवर उरलेला म्हातारा कोतवाल म्हणाला,
"बाईनं पानी नाही काढलं बाप्पा,
पन विहिरीचा गारवा आला."

अन फुलाबाई कुमरे.
तिच्या नातवाच्या लग्नात मोहाच्या झाडाला भोंगा बांधला होता मी.
बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून रेला धरत होत्या,
मी माईक घेऊन वाकत वाकत तिच्यापुढे गेलो.
गोंडी मला येत नाही.
दोन ओळी झाल्या आणि ती थांबली.
झाडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
"मी त अटी आहो,
मंग झाडावर कोन गाते?"

मला उत्तर आलं नाही.
मशीन बंद केलं.

बंद केल्यावर पहिल्यांदा काही ऐकूच येईना,
माझ्याच कानातली घरघर तेवढी.
मग हळूहळू ती आली,
बारीक, थोडी कापरी,
श्वास घेते तेही ऐकू येणारी.
मी बांधीच्या धुऱ्यानं चालत निघालो,
म्हटलं पाहू, हा आवाज कोठवर पुरते.
बोडीच्या पाळीवर पोचलो, वळून पाहिलं,
मांडवाचा दिवा करंगळीएवढा,
आणि ती अजून कानाशी.

आता डावा कान गेलाच आहे.
मुलगा डीजे लावतो, त्याच्या पेट्या छातीत वाजतात.
तो विचारतो, बाबा, सगळ्यात भारी कोण होतं?
मी सांगत नाही,
वत्सला ऐकेल तर भांडायला येईल.

त्या रात्रीचं भाडं मी घेतलं नाही.
म्हणजे, अर्धं घेतलं.
डिझेल जळलं होतं.